आपल्या बेसबॉल संघाचा ऑफसीझन स्वतः कसा आखायचा: नवख्या चाहत्यांसाठी पायरीपायरीनं

मेजर लीग बेसबॉलचा हंगाम मार्चअखेरीस सुरू होतो आणि १६२ सामने, मग प्लेऑफ्स असं करत ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरच्या पहिल्या दिवसांत वर्ल्ड सीरिजनं संपतो. न्यू जर्सीत किंवा बे एरियात राहायला गेल्यावर, किंवा इथेच पहाटे उठून सामने बघता बघता, बऱ्याच मराठी माणसांना एखाद्या संघाचा लळा लागतो. मग पहिला हिवाळा येतो. सामने बंद होतात आणि बातम्यांचा मारा मात्र वाढतो: अमका नॉन-टेंडर झाला, तमक्याला क्वालिफाइंग ऑफर, ढमक्याच्या बदल्यात तीन प्रॉस्पेक्ट. आयपीएलच्या लिलावावर पोसलेल्या माणसाला यातलं काही कळत नाही. इथे लिलाव नाही, सगळ्यांना सारखी पर्स नाही, आणि बहुतेक खेळाडूंना ट्रेड करताना, म्हणजे दुसऱ्या संघाला देऊन बदल्यात काही घेताना, कुणी त्यांची संमतीही विचारत नाही.

हे समजून घ्यायचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे आपल्या संघाचा ऑफसीझन आपणच कागदावर आखून बघणं. लष्कराच्या भाकऱ्या आहेत, मान्य. पण एकदा भाजल्या की पुढच्या प्रत्येक बातमीचं कारण दिसायला लागतं. सुरुवातीला एकच गोष्ट डोक्यात पक्की करून ठेवा: या बाजारात देवघेव होते ती खेळाडूच्या उरलेल्या वर्षांची. किती वर्षं तो संघाच्या ताब्यात आहे आणि त्या वर्षांत किती पगारात, यावर त्याचं मोल ठरतं. नुसता खेळ बघून ट्रेड सुचवायला गेलात तर हसं होतं.

पहिली पायरी: वर्षं मोजा

मेजर लीगच्या रोस्टरवर, म्हणजे संघाच्या खेळाडूंच्या यादीवर, काढलेला प्रत्येक दिवस खेळाडूच्या खात्यात जमा होतो. असे १७२ दिवस झाले की एक वर्ष धरतात. सहा वर्षं पूर्ण होईपर्यंत खेळाडू संघाच्या ताब्यात; सहा झाली आणि पुढचा करार नसेल तर तो फ्री एजंट, म्हणजे कुठल्याही संघाशी करार करायला मोकळा. यादीत एखाद्यापुढे २.११५ असं दिसलं तर तो दशांश समजू नका. दोन वर्षं आणि ११५ दिवस असा त्याचा अर्थ.

एका दिवसाची किंमत किती असते ते क्रिस ब्रायंटला विचारावं. २०१५ मध्ये शिकागो कब्जनं त्याला हंगामाच्या सुरुवातीला मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या स्तरावरच्या संघात, ठेवलं आणि मग वर बोलावलं. वर्षअखेरीस त्याच्या खात्यात १७१ दिवस होते. त्यानं तक्रार केली, ती २०२० मध्ये फेटाळली गेली, आणि २०२० नंतर मिळू शकणारं स्वातंत्र्य २०२१ नंतर मिळालं. २०२२ च्या सामुदायिक करारात, म्हणजे मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या करारात, यावर थोडा उतारा आला: रुकी ऑफ द इयर, म्हणजे वर्षातला सर्वोत्तम नवोदित, या पुरस्काराच्या मतदानात पहिल्या दोघांत आलेल्याला पूर्ण वर्ष मिळतं. पिट्सबर्गचा पॉल स्कीन्स मे २०२४ मध्ये वर आला, पुरस्कार जिंकला आणि त्याचं ते वर्ष पूर्ण धरलं गेलं.

आता पगार. पहिली साधारण तीन वर्षं संघ देईल ते घ्यायचं, आणि संघ बहुतेक वेळा किमान पगाराच्या आसपासच देतो. २०२६ च्या हंगामासाठी हा किमान आकडा ७ लाख ८० हजार डॉलर आहे. तीन वर्षं झाली की आर्बिट्रेशन, म्हणजे लवादाचा टप्पा सुरू होतो. दोन ते तीन वर्षांच्या मधल्या खेळाडूंपैकी सर्वाधिक दिवस भरलेले वरचे २२ टक्के एक वर्ष आधीच इथे पोचतात. त्यांना सुपर टू म्हणतात.

लवादाची पद्धत मोठी गमतीची आहे. जानेवारीत दोन्ही बाजू आपापला आकडा देतात. तडजोड झाली नाही तर तीन जणांचं पॅनेल त्या दोनपैकी एकच आकडा निवडतं. मधला काढून देत नाही. त्यामुळे अवाच्या सव्वा मागायची सोय नाही. पण सुनावणीत संघाला आपल्याच खेळाडूचे दोष मोजून दाखवावे लागतात, आणि ते तो समोर बसून ऐकतो. २०२३ मध्ये मिलवॉकीचा पिचर कॉर्बिन बर्न्स १ कोटी साडेसात लाख मागत होता, ब्रूअर्स १ कोटी १० हजार देत होते. बर्न्स हरला आणि संबंध दुखावले गेल्याचं त्यानं उघड बोलून दाखवलं. एक वर्षानंतर, फ्री एजंट व्हायला एकच हंगाम उरलेला असताना, ब्रूअर्सनी त्याला बाल्टिमोरला देऊन टाकलं. सुनावणीमुळेच दिलं असं कुणी म्हणणार नाही. पैशानं लहान असलेला संघ शेवटच्या वर्षाच्या तोंडावर हेच करतो. पण ७ लाख ४० हजारांसाठी एका अव्वल पिचरला खट्टू करणं मला तरी महागात पडल्यासारखं वाटतं.

दुसरी पायरी: एक पत्रक बनवा

एक्सेल उघडा. नाव, वय, जागा, उरलेली वर्षं, पुढच्या प्रत्येक वर्षाचा पगार आणि उरलेले ऑप्शन, एवढे रकाने पुरेत. माहिती फॅनग्राफ्सच्या रोस्टररिसोर्स विभागात आणि बेसबॉल रेफरन्सवर फुकट मिळते. लवादाच्या टप्प्यातल्या खेळाडूंचा पुढच्या वर्षीचा अंदाजे पगार एमएलबी ट्रेड रूमर्सवर दर ऑक्टोबरात येतो, तोच घ्या.

ऑप्शनच्या रकान्यात चूक होते. संघाच्या ४० जणांच्या यादीतल्या (ती पुढच्या पायरीत येते) खेळाडूला मायनर लीगमध्ये पाठवलं की त्याचा एक ऑप्शन खर्च होतो. असे तीन हंगाम मिळतात. वीसपेक्षा कमी दिवस खाली काढले तर तो खर्च धरत नाहीत. तिन्ही संपले की त्याला खाली पाठवण्याआधी वेव्हर्सवर टाकावं लागतं, म्हणजे बाकीच्या २९ संघांपैकी कुणीही उचलू शकतो. करारातल्या शेवटच्या वर्षाचा क्लब ऑप्शन किंवा प्लेयर ऑप्शन हे वेगळं प्रकरण. त्याला निराळा रकाना ठेवा, कारण त्याचा निकाल वर्ल्ड सीरिज संपल्यावर काही दिवसांतच लागतो.

तिसरी पायरी: चाळीसची गर्दी

सामन्याला उपलब्ध असतात २६ खेळाडू, त्यात जास्तीत जास्त १३ पिचर. पण ऑफसीझनची खरी लढाई ४० जणांच्या यादीवर होते. नवखे चाहते नेमकी हीच पायरी गाळतात.

एक कल्पित गणित करू. हंगाम संपला तेव्हा यादीत ३८ जण. पाच जण फ्री एजंट झाले, उरले ३३. पण साठ दिवसांच्या दुखापत यादीवरचे खेळाडू चाळीसमध्ये मोजले जात नव्हते, आणि ऑफसीझनमध्ये ती यादीच नसते. असे चार जण परत आले: ३७. आता नोव्हेंबरच्या मध्यावर रूल ५ ड्राफ्टपासून ज्यांना वाचवायचं असे पाच तरुण प्रॉस्पेक्ट, म्हणजे मेजर लीगच्या वाटेवरचे होतकरू खेळाडू, आहेत: ४२. एकही नवा खेळाडू न घेता तुम्ही दोननं वर गेलात.

रूल ५ चा नियम असा: १८ किंवा त्याहून कमी वयात करार केलेल्याला पाच हंगामांच्या आत, आणि १९ किंवा जास्त वयात केलेल्याला चार हंगामांच्या आत चाळीसमध्ये घ्यायचं. नाही घेतलं तर डिसेंबरात दुसरा संघ १ लाख डॉलर भरून त्याला उचलू शकतो. अट एवढीच की उचलणाऱ्यानं त्याला पूर्ण हंगाम मेजर लीगच्या रोस्टरवर ठेवायचं. नाही जमलं तर मूळ संघाला ५० हजारांत परत देऊ करायचं. बरेच जण परत येतात. पण १९५४ मध्ये ब्रुकलिन डॉजर्सनी उघडा सोडलेला एक पोरगा पिट्सबर्गनं असाच उचलला, त्याचं नाव रोबेर्तो क्लेमेंते. त्यामुळे आजही कुठलाच जनरल मॅनेजर निवांत नसतो.

गर्दी कमी करायचे मार्ग तीन. एखाद्याला डेझिग्नेट फॉर असाइनमेंट करायचं, म्हणजे यादीतून काढून सात दिवसांत ट्रेड किंवा वेव्हर्स. लवादाच्या टप्प्यातल्या महाग खेळाडूला करारच देऊ करायचा नाही, म्हणजे नॉन-टेंडर. याची मुदत नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास असते. किंवा दोघा-तिघांच्या बदल्यात एक असा ट्रेड करायचा. नोव्हेंबरच्या मध्यावर अनोळखी नावांचे बारीकसारीक ट्रेड धडाधड का होतात, याचं उत्तर बहुतेक वेळा या गर्दीत असतं. तुमच्या पत्रकात लाल शाई इथे वापरा: यादीतले शेवटचे सहा जण कोण? खोगीरभरती कोणती आणि पुढे उपयोगी पडेल असा कोण? ऑप्शन शिल्लक असलेला साधारण पिचर हा ऑप्शन संपलेल्या थोड्या बऱ्या पिचरपेक्षा संघाला जास्त कामाचा असतो, हे सुरुवातीला पचायला जड जातं.

चौथी पायरी: पैसे

बेसबॉलमध्ये पगाराला कडक मर्यादा नाही, पण लक्झरी टॅक्सची रेषा आहे. २०२५ साठी ती २४.१ कोटी डॉलर होती, २०२६ साठी २४.४ कोटी. पहिल्यांदा ओलांडली तर वरच्या रकमेवर २० टक्के, सलग दुसऱ्या वर्षी ३०, तिसऱ्या वर्षी ५०, आणि फारच वर गेलात तर अधिभार वेगळा.

टॅक्ससाठी त्या वर्षी हातात पडणारा पगार मोजत नाहीत, कराराची वार्षिक सरासरी मोजतात. पैसे पुढे ढकलले असतील तर त्यांची आजची किंमत काढतात. डिसेंबर २०२३ मध्ये शोहेई ओतानीनं डॉजर्सशी दहा वर्षांचा ७० कोटींचा करार केला, त्यातले ६८ कोटी त्याला २०३४ ते २०४३ मध्ये मिळणार आहेत. टॅक्सच्या हिशेबात तो वर्षाला साधारण ४.६ कोटींचा धरला जातो. या हिशेबात खेळाडूंच्या विमा-पेन्शनसारख्या सोयींचा संघाचा वाटाही येतो, तो विसरू नका. नाहीतर कागदावर तुमच्याकडे एक अख्खा पिचर घेण्याइतके पैसे उगाच शिल्लक दिसतील.

पण तुमच्या संघाची खरी मर्यादा मालकाच्या मनात असते. मागच्या तीन वर्षांचा पगारखर्च बघा आणि त्याच्या आसपासच राहा. मालक अचानक दिलदार होईल हे गृहीत धरून केलेला आराखडा वाचायला मजा येते, उपयोग शून्य.

पाचवी पायरी: भोकं शोधा

हे पटकन होतं. २६ जणांची उद्याची यादी लिहा: कॅचर, इनफिल्ड, आउटफिल्ड, पाच स्टार्टर (सामना सुरू करणारे पिचर), बुलपेन (नंतर येणारे पिचर). कुठे कुणीच नाही आणि कुठे आहे तो पुरेसा नाही, हे वेगवेगळं नोंदवा. कागदावर पाच स्टार्टर पुरतात, हंगामात आठ-दहा लागतात. त्यामुळे सहावा, सातवा, आठवा कोण, हे आताच लिहून ठेवा. मग स्वतःला प्रामाणिकपणे विचारा की पुढच्या वर्षी जिंकायचं आहे की दोन-तीन वर्षांनी. दोन्हीला हो म्हणणारे संघ अधांतरी लटकतात.

सहावी पायरी: ट्रेड

डिसेंबर २०२३ चा हुआन सोतोचा ट्रेड समोर ठेवून शिकू, कारण त्यात वरच्या सगळ्या पायऱ्या सापडतात.

सान दिएगो पाद्रेसना पगारखर्च कमी करायचा होता. सोतोचं फ्री एजंट होण्याआधीचं एकच वर्ष उरलं होतं, आणि त्या वर्षाचा पगार ठरला ३ कोटी १० लाख. त्याच वेळी ब्लेक स्नेल, सेथ लुगो, मायकल वाका आणि निक मार्टिनेझ असे चार पिचर फ्री एजंट होऊन संघातून गेलेले. म्हणजे पाद्रेसना हवे होते स्वस्त पिचर, शक्य तितकी वर्षं ताब्यात राहतील असे. न्यू यॉर्क यांकीजना हवा होता डावखुरा दमदार बॅटर, तोही लगेच. पाद्रेसनी सोतो आणि ट्रेंट ग्रिशम दिले. यांकीजनी पिचर मायकल किंग, जॉनी ब्रितो, रँडी वास्केस, ड्रू थॉर्प आणि कॅचर काइल हिगाशिओका दिले.

आता हिशेब. विश्लेषक एका जादा विजयाची, म्हणजे सहज मिळणाऱ्या पर्यायी खेळाडूपेक्षा संघाला जास्त मिळवून दिलेल्या विजयाची, बाजारातली किंमत ढोबळमानानं ८० लाख ते १ कोटी डॉलर धरतात. सोतोकडून सहा जादा विजयांची अपेक्षा धरली तर किंमत पाच कोटींच्या आसपास, पगार वजा जाता नफा दोनेक कोटी. दुसऱ्या बाजूला किंगची दोन वर्षं, ब्रितो आणि वास्केस यांची बरीच स्वस्त वर्षं, आणि मेजर लीगमध्ये अजून न आलेल्या थॉर्पची अख्खी सहा. प्रत्येकाचा नफा लहान, पण वर्षं भरपूर. जागतिक दर्जाच्या बॅटरसाठी ही पाच नावं अनेक चाहत्यांना फिकी वाटली. वर्षं मोजणाऱ्याला वाटली नाहीत.

चाळीसची गर्दीही बघा. किंग, ब्रितो, वास्केस, हिगाशिओका चाळीसमध्ये होते, थॉर्प नव्हता. पाद्रेसना दोन जागा जास्त लागल्या. फ्री एजंट गेल्यामुळे त्या मोकळ्या होत्याच. यांकीजच्या दोन जागा सुटल्या. तुम्ही चार देऊन एक मागता तेव्हा समोरच्यानं ते चार ठेवायचे कुठे, हे उत्तर तुमच्याकडे हवं.

पुढे काय झालं? २०२४ मध्ये सोतोनं ४१ होमरन मारले, यांकीज वर्ल्ड सीरिजला पोचले आणि डॉजर्सकडून हरले. किंगनं त्याच वर्षी दर नऊ इनिंग्जला २.९५ धावा या सरासरीनं १७३ इनिंग्जहून जास्त पिचिंग केलं. थॉर्पला पाद्रेसनी मार्च २०२४ मध्येच, आणखी तिघांसोबत, शिकागो व्हाइट सॉक्सला देऊन डिलन सीझ आणला, आणि सीझनं जुलैमध्ये नो-हिटर टाकला, म्हणजे अख्ख्या सामन्यात एकही हिट दिला नाही. सोतो डिसेंबर २०२४ मध्ये १५ वर्षांच्या ७६.५ कोटींवर मेट्सकडे गेला. आणि ज्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघितलं नव्हतं त्या ग्रिशमनं २०२५ मध्ये यांकीजसाठी ३४ होमरन मारले. कोण जिंकलं यावर अजून वाद घालता येतो. माझ्या मते दोघांनी आपापल्या गरजेपुरता योग्य सौदा केला, आणि तुमच्या कागदावरच्या ट्रेडलाही हीच कसोटी लावा: समोरच्या संघाच्या चाहत्याला तो दाखवला तर तो निदान विचारात पडला पाहिजे.

बहुतेकांचे ट्रेड इथेच आपटतात. आपलं ते बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. आपला विसाव्या क्रमांकाचा प्रॉस्पेक्ट आपल्याला भावी तारा वाटतो, समोरच्याला तो सहज मिळणारा माल असतो.

नियमांची थोडी कुंपणं लक्षात ठेवा. नेहमीचे ड्राफ्ट पिक, म्हणजे नवे खेळाडू निवडायचे हक्क, ट्रेड करता येत नाहीत. फक्त काही संघांना मिळणारे कॉम्पिटिटिव्ह बॅलन्स पिक चालतात. बर्न्सच्या सौद्यात ब्रूअर्सना दोन खेळाडूंबरोबर असाच एक पिक मिळाला होता. त्या वर्षी ड्राफ्ट झालेला खेळाडू वर्ल्ड सीरिज संपेपर्यंत ट्रेड होत नाही. ज्याची मेजर लीगमध्ये दहा वर्षं झाली आणि त्यातली शेवटची सलग पाच एकाच संघात, तो ट्रेडला नकार देऊ शकतो. १९७३ मध्ये कब्जच्या रॉन सँतोनं हा हक्क पहिल्यांदा वापरला. काहींच्या करारात नो-ट्रेड कलम असतं, तेही तपासा.

सातवी पायरी: फ्री एजंट

वर्ल्ड सीरिजनंतर पाच दिवसांनी बाजार सगळ्यांना खुला होतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळचे पाच, म्हणजे भारतात पहाटेचे साडेतीन. जागू नका, पहिल्या रात्री सहसा काही घडत नाही. मोठी नावं डिसेंबरच्या सुरुवातीच्या विंटर मीटिंग्जच्या आसपास हलतात, काही फेब्रुवारीपर्यंत ताटकळतात.

नीट पाहायची ती क्वालिफाइंग ऑफर: सर्वाधिक १२५ पगारांची सरासरी, एका वर्षासाठी. २०२५ च्या ऑफसीझनला ती २ कोटी २० लाख २५ हजार होती. खेळाडूनं नाकारली आणि दुसरीकडे गेला तर जुन्या संघाला ड्राफ्ट पिक मिळतो, नव्या संघाचा जातो. टॅक्स भरणाऱ्याचे दोन पिक जातात, दुसरा आणि पाचवा, शिवाय परदेशी पोरांसाठीच्या निधीतले १० लाख डॉलर. त्यामुळे मधल्या दर्जाच्या खेळाडूला ही ऑफर गळ्यातलं लोढणं होऊ शकते. ग्रिशमनं ती स्वीकारली आणि यांकीजकडेच राहिला.

बुलपेनच्या पिचरला तीन-चार वर्षांचा करार देऊ नका. संघ देतात, पस्तावतात, पुन्हा देतात. त्यांचा फॉर्म वर्षागणिक इतका हलतो की एक-एक वर्षाचे दोन करार आणि काही मायनर लीग करार, स्प्रिंग ट्रेनिंगच्या (हंगामाआधीच्या सराव शिबिराच्या) आमंत्रणासह, एवढ्यावर भागवावं.

आठवी पायरी: जानेवारीपासून पुढे

फेब्रुवारीच्या मध्यावर ॲरिझोना आणि फ्लोरिडात पिचर-कॅचर जमतात. शिबिरं उघडली की साठ दिवसांची दुखापत यादीही पुन्हा उघडते. शस्त्रक्रिया झालेला पिचर तिच्यावर टाकला की चाळीसमधली एक जागा सुटते. फेब्रुवारीत उरलेले फ्री एजंट एकाएकी भराभर करार का करतात, त्याचं एक कारण हे. तुमच्या आराखड्यातले शेवटचे एक-दोन खेळाडू या दिवसांसाठी राखून ठेवा.

पत्रकात २०२७ चा रकाना केलात तर टॅक्सची रेषा आणि किमान पगार तिथे कोरे सोडा. सध्याचा सामुदायिक करार १ डिसेंबर २०२६ रोजी संपतो. मागचा संपला तेव्हा मालकांनी टाळं लावलं होतं आणि २ डिसेंबर २०२१ पासून ९९ दिवस मेजर लीगचे सगळे करार आणि ट्रेड बंद होते. त्यामुळे तो हिवाळा आखताना महत्त्वाचं काम नोव्हेंबरातच उरकायची तयारी ठेवा.